काशीला सोडलेली पालेभाजी

लग्न होऊन मी सटाण्याहून नाशिकला आले आणि पहिल्याच आठवड्यात मेथीची भाजी केली. आमच्या माहेरी ताटात पालेभाजी नसेल तर जेवण झालं असं कुणाला वाटतच नाही. मोठ्या हौसेने सासऱ्यांच्या पानात वाढायला गेले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला, डोळे मिटले आणि इतक्या खोल आवाजात बोलले की कुणी गेलं की काय, असं मला वाटलं.

"यशश्री, आम्ही सोडली आहे."

"मेथी?"

"पालेभाजी. काशीला."

काशीला गेलं की आपली एक आवडती गोष्ट कायमची सोडून यायची, ही रीत मलाही ठाऊक होती. आमच्या नात्यात कुणी पडवळ सोडलं होतं, कुणी रामफळ. पण अख्ख्या पालेभाज्या? मेथी, पालक, शेपू, चाकवत, अंबाडी, माठ, चुका, करडई, झाडून सगळ्या? मी भारावून गेले. हातातलं पातेलं खाली ठेवून त्यांना वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मला परत मिळायला हवा, असं मला हल्ली फार वाटतं.

माझे सासरे गोविंदराव, म्हणजे आमचे बाबा. घराणं पंचवटीतलं, पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचं उपाध्येपण करणारं. बाबांनी मात्र पळी-पंचपात्र भावाकडे सोपवलं आणि सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या. आता निवृत्त होऊन हिरावाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये असतात. उपाध्येपण सुटलं तरी शास्त्र सुटलं नाही. नखं कधी कापावीत इथपासून फ्रिज कोणत्या भिंतीला लावावा इथपर्यंत त्यांच्याकडे शास्त्राधार असतो. माणूस प्रेमळ आहे, हेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांच्यावर उगाच चिडाल. चिडायचं काम मी केलेलं आहे.

तर या त्यागाची आमच्या कॉलनीत केवढी ख्याती! "लोक एक भाजी सोडतात हो, गोविंदरावांनी जातच्या जात सोडली," असं लोक बोलायचे. ज्येष्ठ नागरिक संघात 'संसारातील त्याग' या विषयावर बोलायला त्यांनाच उभं केलं होतं. भाषणानंतर बटाटेवडे होते. त्यांनी चार खाल्ले.

त्याच यात्रेत सासूबाईंनी आंबा सोडला होता. आमच्या आईंचं नाव उत्तरा. त्यांच्या माहेरी परसात आंब्याची दोन झाडं होती आणि लहानपणी त्या उन्हाळाभर आंब्यावरच जगायच्या, असं त्यांचे भाऊ सांगतात. स्वतः आई याबद्दल काही बोलत नाहीत. दर उन्हाळ्यात आमच्या सगळ्यांसाठी रस त्याच काढतात. रस गोड आहे का, हे त्या माझ्या नवऱ्याला, धवलला, चाखायला लावतात. रस काढून झाला की आम्ही बोटं चाटत बसतो आणि आई कोपरापर्यंत साबणाने हात धुतात.

याचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. "आंबा काय, दोन महिन्यांचा तर प्रश्न," बाबा रसाची वाटी दुसऱ्यांदा पुढे करत म्हणायचे. "पालेभाजी बारा महिने समोर येते." आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. आईसुद्धा.

मला पहिला संशय आला तो अळूवडीवरून. ताटलीभर अळूवड्या बाबांनी फस्त केल्या तेव्हा मी भीत भीत विचारलं, "बाबा, अळू पालेभाजी नाही का?"

"तळल्यावर ती वडी झाली," बाबा म्हणाले. "भाजी म्हणजे परतलेली किंवा पातळ."

मग एकेक निवाडे बाहेर पडू लागले. कोबी हा गड्डा. कोथिंबीर हा वास. कढीपत्ता ही फोडणी. चाट मसाला भुरभुरून दिलेली पालकाची भजी ही भजी. म्हणजे जे जे आवडतं ते ते शास्त्राने पालेभाजीतून वगळलेलं होतं. आणि मी मात्र रोज दोन भाज्या करत होते, एक आमच्यासाठी आणि एक त्यागमूर्तींसाठी. बटाटा, वांगं, फ्लॉवर, पुन्हा बटाटा. ओट्याशी उभी राहून मी मनातल्या मनात काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे असंच चाललं असतं. पण मधे ओवी आली.

ओवी माझी मुलगी, तिसरीत आहे. आजोबांची सावली. संध्याकाळी दोघं गंगेवर फिरायला जातात. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) तिथे बाबा तिला हातावर पाणी घेऊन संकल्प कसा सोडायचा वगैरे शिकवतात आणि ती ते घरी येऊन बाहुल्यांवर करते. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास या पोरीने अचानक पालेभाजी खाणं बंद केलं. पराठ्यात घालून दिली तरी बाजूला सारू लागली.

"मी सोडली. आजोबांसारखी," एवढंच म्हणाली.

बाबांची छाती फुगली. "नात कुणाची आहे!" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. मी म्हटलं, पोरखेळ आहे, चार दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. पालकाची पुरी करून बघितली, डाळीत माठ घोटून बघितला. पण बाबांच्या शेजारी बसून जेवणारी मुलगी ती, पानात हिरवा ठिपका कुठे आहे ते तिला बरोबर दिसायचं. चिमटीत धरून ताटाच्या कडेला ठेवायची.

जानेवारीत ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली.

डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. औषध लिहून दिलं आणि म्हणाले, घाबरू नका, पण नुसत्या औषधावर राहू नका, रोजच्या जेवणात पालेभाजी हवी, वरून लिंबू पिळा, डाळी-कडधान्यं द्या. "पालेभाजी आवडत नाही का तिला?" त्यांनी विचारलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होते.

घरी येऊन समजावलं, रागावले, धवलने सायकलचं आमिष दाखवलं. ओवी ढिम्म. ती हट्टी मुलगी नाही हो, त्याचंच तर मला नवल वाटत होतं. "सोडलेलं खायचं नसतं," ती शांतपणे म्हणायची. "आजोबा खातात का?" याचं उत्तर बाबांकडे असायला हवं होतं, पण शास्त्र त्या आठवड्यात रजेवर होतं.

शेवटी मीच तोड काढली. बाबांचा पुतण्या गौरांग रामकुंडावर विधी सांगतो. वयाने लहान असला तरी धर्माच्या बाबतीत त्याचा शब्द चालतो. त्याने 'व्रत सुटलं' असं सांगितलं, तर ओवी ऐकेल, असं मला वाटलं. एका रविवारी मी ओवीला आणि बाबांना घेऊन गंगेवर गेले. पायऱ्या उतरताना ओवी मधेच बसली. "आजोबा, उचलून घ्या ना," म्हणाली. एरवी या पायऱ्यांवरून ती उड्या मारत जायची. बाबांनी तिला उचललं आणि खालपर्यंत कडेवरच ठेवलं.

गौरांगचे एक यजमान विधी उरकून नुकतेच निघाले होते आणि दुसरे रिक्षाने येत होते, तेवढ्यात त्याने आम्हाला बसवून घेतलं.

"काय सोडलंस गं?" त्याने विचारलं.

"पालेभाजी."

"आवडायची का तुला?"

"मेथीचे पराठे खूप आवडायचे," ओवी म्हणाली. "रोज डब्यात चालले असते मला."

"शाब्बास. मग बरोबर सोडलंस. आवडतं तेच सोडायचं असतं. नावडतं सोडलं तर त्याला सोडणं नाही म्हणत, त्याला सुटका म्हणतात."

बाबांना ठसका लागला. मी त्यांची पाठ थोपटली, जरा जोरातच.

"पण काय आहे ओवी," गौरांग पुढे म्हणाला, "लहान मुलांना व्रत नसतं. आणि आजारी माणसाला तर मुळीच नसतं. तू खाल्लंस तरी चालेल. मी सांगतो ना."

ओवीने मान हलवली. नाही म्हणून. "मी आजोबांसाठी सोडलंय. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं ना, तेव्हा आजीबरोबर इथे आले आणि हळूच पाणी सोडलं. मग ते बरे झाले. आता मी खाल्लं आणि आजोबांना परत काही झालं तर?"

मला रडू आलं आणि ते लपवायला मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले. दिवाळीआधी बाबांचं ऑपरेशन झालं, आम्ही सगळे दवाखान्याच्या धावपळीत होतो, आणि या एवढ्याशा पोरीने कुणालाही न सांगता आपली सगळ्यात आवडती गोष्ट देऊन टाकली होती. बाबा पायरीवर बसले. गौरांगने त्यांना पाणी दिलं. ते न पिता नुसतं हातात धरून बसले.

त्या रात्रीच्या जेवणाला मी चाकवताची ताकातली भाजी केली होती. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, वरून लाल मिरचीची फोडणी. बाबांसाठी सवयीने बटाट्याच्या काचऱ्या. पानं वाढली, आणि बाबा म्हणाले, "मला चाकवत वाढ."

धवलच्या हातातला घास हातातच राहिला. आईंनी डाव भांड्यात तसाच ठेवला.

"ओवी, इकडे बघ," बाबा म्हणाले. "मी काशीला काही सोडलंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी पंचवटीतल्या घरी रोज यात्रेकरूंच्या पंगती उठायच्या आणि रोज अळूचं फदफदं असायचं. दुपारी पंगतीला आणि रात्री उरलेलं घरच्या पोरांना. घसा खाजायचा, बोललं तर पाठीत धपाटा बसायचा. पालेभाजी म्हटलं की त्यांना तेच दिसायचं. काशीला तिथल्या पंड्याने विचारलं, काय सोडता? आणि यांच्या तोंडून निघून गेलं.

"एक अळू सोडायचं होतं की मग," धवल म्हणाला.

"विचारलंच आहे तर सगळ्याच सोडाव्या, असं वाटलं," बाबा म्हणाले. "अशी संधी पुन्हा आली नसती."

ओवीचे डोळे मोठे झाले होते. "म्हणजे तुम्ही देवाला फसवलंत?"

"हो."

"आणि सगळे तुम्हाला नमस्कार करायचे?"

"हो," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. "सोडलं ते तू. खरं आवडतं सोडलंस, म्हणून मी बरा झालो. आता मी ठणठणीत आहे, तुझं व्रत पूर्ण झालं. पण तू अशी पायरीवर बसायला लागलीस तर माझं हृदय परत बिघडेल, बाळा. मला आज फार भीती वाटली."

त्यांनी घास घेतला. त्यांचं तोंड असं झालं की एरवी मी पोट धरून हसले असते. ओवी जवळ सरकून बघत होती. "गिळलं? आ करा." त्यांनी आ केला. तिने नीट तपासलं आणि मग आपली वाटी पुढे केली. मी घाईघाईने तिला चाकवत वाढला. लिंबू पिळायचं विसरले.

दोन घास खाऊन ओवी म्हणाली, "पण आजोबा, मग तुमचं सोडायचं राहिलंच की."

आम्ही हसलो. सगळे हसलो, आई सोडून.

"मी आंबा सोडला हो," आई म्हणाल्या. एवढंच. रागाने नाही, एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवल्यासारखं. मग उठून आत गेल्या. त्यांचं पान तसंच राहिलं. मला एकदम आठवलं, की मी या घरात वाकून नमस्कार केला होता तो चुकीच्या माणसाला. ज्या बाईने दर उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात धुतले तिला, आंबा काय, दोन महिन्यांचा तर प्रश्न, असं बाबा म्हणायचे तेव्हा मीही मान डोलावली होती. फार वाईट वाटलं मला.

त्यानंतर बाबांनी जे सुरू केलं त्याला प्रायश्चित्त म्हणावं की छळ, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दर बुधवारी ते पिशवी घेऊन गंगेवरच्या बाजारात जाऊ लागले. पेठ तालुक्यातून भाजी घेऊन येणारी लंकाबाई त्यांची गुरू झाली. एकदा मीही बरोबर होते. बाबांनी अंबाडीची जुडी उचलून "मेथी ताजी आहे का?" असं विचारलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली.

"बाबा, ती अंबाडी हाय. एवढं वय झालं, भाजी वळखत नाय व्हय?"

"आमची ओळख जरा उशिरा झाली," बाबा म्हणाले.

बाबा कुठलीही गोष्ट करतात ती पूर्ण. शेपूत मुगाची डाळ हवी, अंबाडीला कण्या आणि वर लसणाचं तेल हवं, करडई कोवळीच घ्यावी, मुळ्याचा पाला फेकणाऱ्याला पाप लागतं. या सगळ्याला महिन्याभरात शास्त्राधार तयार झाला. दोन जुड्या सांगितल्या तर सहा यायच्या. पूर्वी मी रोज दोन भाज्या करायचे, आता फ्रिज उघडला की अंगावर पाला पडायचा. मी वैतागून सांगितलं, "बाबा, निवडणार कोण?" तेव्हापासून गॅलरीत पेपर पसरून आजोबा आणि नात निवडत बसतात. त्यांच्या निवडलेल्या मेथीत काड्या असतात. मी बोलत नाही. चेहऱ्याने बोलते.

खरं गुपित पुढेच आहे. बाबांना पालेभाजी आवडायला लागली. चाकवताच्या दिवशी ते दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचे आणि आम्ही बघतोय हे दिसलं की उगाच खोकायचे.

ओवीचा रंग बदलला. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, छान, असंच चालू ठेवा. गंगेवर ती पुन्हा उड्या मारत पायऱ्या उतरते आणि बाबांना खाली उभं राहून "चला ना" म्हणते. डब्यात मेथीचे पराठे जातात.

आई मात्र बोलत होत्या तशा बोलत होत्या, बाबांची गोळी वेळेवर काढून देत होत्या. फक्त त्यांच्या बरोबर पानावर बसत नव्हत्या. "तुम्ही बसा, मला काम आहे," म्हणायच्या. इतकी वर्षं बाबांचं पान मांडून वाट पाहणारी बाई ती. बाबांनी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं ते मी बघितलं, पण शब्द सापडले नाहीत. शास्त्रात नसतील.

मग अक्षय्य तृतीया आली. आमच्या सटाण्याकडे हिला आखाजी म्हणतात. वर्षाचा पहिला रस याच दिवशी व्हायचा. आईंनी सकाळपासून आंबे दाबून मऊ करून रस काढला. धवलने चाखून "एक नंबर" म्हटलं. आईंनी कोपरापर्यंत हात धुतले. मी पुऱ्या तळल्या. बाबांनी स्वतः निवडलेल्या चुक्याची आंबटगोड भाजी होती. ओवीने सगळ्यांना ओढून बसवलं, आजीला हाताला धरून आजोबांच्या शेजारी.

मी रस वाढायला निघाले. आईंच्या पानात वाटी पालथी होती, नेहमीसारखी. त्यांच्या शेजारी बाबांची वाटीही पालथी होती.

मला वाटलं, चुकून राहिली. ती सरळ करायला हात पुढे केला, तर बाबांनी ताटावर हात आडवा धरला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"यशश्री, मी सोडला आहे," ते म्हणाले. "सकाळी गंगेवर जाऊन आलो."

रसाचा वास घरभर होता. आंबा म्हणजे बाबांचा जीव की प्राण, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ओवीने आजोबांच्या तोंडाकडे बघितलं. आईंनी त्या दोन पालथ्या वाट्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"आंबा काय," आई म्हणाल्या, "दोन महिन्यांचा तर प्रश्न."

बाबांनी मान खाली घातली. "लांब असतात गं दोन महिने."

"कळलं ना," आई म्हणाल्या, आणि माझ्या हातातून डाव घेऊन त्यांच्या पानात चुक्याची भाजी वाढली.